मिशीवाल्या सकरचं घर: सांगलीतल्या एका टाकीचं प्रकरण

माशांची टाकी विश्रामबागेतल्या एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात, पश्चिमेच्या भिंतीला लागून ठेवलेली. तीन फुटी म्हणतात ती, ३६ इंच लांब, १२ रुंद, १५ उंच. काठोकाठ भरली तर १०६ लिटर. तळाची वाळू, लाकूड आणि वरची दोन इंच मोकळी जागा वजा केली की पाणी ८५ लिटरच्या आसपास. त्यात सहा सकर (तोंडाने काचेला चिकटणारे मासे), दोन एंजल, आठ टेट्रा. ताशी ६०० लिटरचा आतला फिल्टर. पाणी बोअरचं.

सकर चार सेंटीमीटरचे असताना आणलेले, त्याला दीड वर्ष झालेलं. ब्रिसलनोज, म्हणजे मिशीवाला सकर, साधारण आठ-दहा महिन्यांत, सात-आठ सेंटीमीटरला वयात येतो. म्हणजे हे मासे केव्हाच तयार व्हायला हवे होते. माद्यांची पोटं अधूनमधून भरलेली दिसत, नर एकमेकांना हुसकावत, पण अंडी एकदाही नाहीत. तोवर घरच्यांनी बदामाची पानं टाकून पाहिली, जाडं मीठ टाकून पाहिलं, मे महिन्यात टाकीत बर्फाची बाटली सोडून पाहिली. यातल्या कशानेही फरक पडला नाही. बर्फाने तर दोन टेट्रा गेले.

आधी मासा कोणता ते

दुकानात "सकर" या एका नावाखाली दोन अगदी वेगळे मासे विकले जातात, आणि लहानपणी दोन्ही तपकिरी, ठिपकेदार आणि काचेला चिकटलेले असतात. एक साधा सकर, म्हणजे टेरिगोप्लिक्थिस. हा ३० ते ४० सेंटीमीटर होतो आणि नदीकाठच्या चिखलात लांब बिळं खणून त्यात अंडी घालतो. घरच्या टाकीत त्याची वीण होईल ही आशा सोडून द्यावी. दुसरा ब्रिसलनोज, म्हणजे अ‍ॅन्सिस्ट्रस. हा दहा ते तेरा सेंटीमीटरला थांबतो आणि दगडाच्या किंवा लाकडाच्या पोकळीत अंडी देतो. टाकीत वीण होते ती याची.

ओळख पाठीवरच्या पराने पटते. साध्या सकरचा पर शिडासारखा मोठा असतो आणि त्यात पुढच्या काट्यामागे नऊहून जास्त, बहुधा दहा-अकरा मऊ काड्या असतात. ब्रिसलनोजला सातच. मासा काचेला चिकटून पर उभारतो तेव्हा मोबाईलवर फोटो काढून मोजता येतात. विश्रामबागच्या सहा माशांपैकी एक साधा सकर निघाला. तो एव्हाना २० सेंटीमीटर झाला होता आणि रात्रभर टाकीतली प्रत्येक पोकळी उलटीपालटी करत होता.

तो दुकानदाराला परत दिला. इथे एक गोष्ट ठासून सांगायला हवी. वाढलेला सकर कृष्णेत, विहिरीत किंवा तळ्यात सोडायचा नाही. हा दक्षिण अमेरिकेतला मासा भारतातल्या अनेक नद्या-जलाशयांत पसरला आहे. तो जाळी फाडतो, काठ पोखरतो आणि देशी माशांचं अन्न व जागा बळकावतो. सांगलीत आणखी एक धोका आहे. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरात सखल भागातल्या घरांत पाणी शिरलं. तळमजल्यावरची टाकी किंवा अंगणातला हौद पुरात बुडाला की मासा कुणी न सोडताही नदीत जातो. तिथे मोठा सकर पाळूच नये.

उरलेल्या पाच ब्रिसलनोजपैकी दोन नर, तीन माद्या. मोठ्या नराच्या नाकाडावर आणि कपाळाच्या मधोमध फांद्या फुटलेल्या मिशा असतात. मादीला मिशा नसतात, किंवा ओठाच्या कडेला एकेरी, आखूड खुंट असतात. या मिशा पिलांच्या घोळक्यासारख्या दिसतात आणि "हा बाप पिलं सांभाळतो" असं मादीला भासवतात, असा काही संशोधकांचा तर्क आहे. मादी भरली आहे का ते वरून पाहावं: गालफडांपेक्षा पोट रुंद दिसलं तर अंडी धरली आहेत. दोन नरांत थोरला ११ सेंटीमीटरचा आणि धाकटा नऊचा, परांच्या कडा कुरतडलेला. तीन फुटी टाकीत दोन नर ठेवले की थोरल्याचा सगळा जोर पहाऱ्यात जातो. धाकटा वेगळ्या टाकीत हलवला. पिलं खातील म्हणून एंजलही काढले.

पाण्याची तपासणी

पाच दिवस सकाळी सहा, दुपारी तीन आणि रात्री दहाला तापमान लिहून ठेवलं. सकाळी २९, दुपारी ३२.५, रात्री ३१. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री उष्णता सोडते. या माशाला २३ ते २७ अंश मानवतात. गरम पाण्याचा मुख्य तोटा प्राणवायूचा. २५ अंशाला पाण्यात लिटरमागे फार तर सव्वाआठ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३२ अंशाला सव्वासात. आणि गरमीत माशाची गरज मात्र वाढलेली असते. गुहेच्या बंद टोकाशी बसून अंड्यांना वारा घालणाऱ्या, म्हणजे शेपटीने त्यांच्यावर पाणी ढकलणाऱ्या नरासाठी हा फरक मोठा आहे.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९००, जडपणा (कॅल्शियम-मॅग्नेशियमचं प्रमाण) २२ अंश, पीएच ८.१, नायट्रेट (घाण कुजून शेवटी पाण्यात उरतं ते) ३०. टाकीतल्या पाण्याचा टीडीएस त्याहून जास्त, १०५०, आणि नायट्रेट ८०. कारण सरळ आहे. उन्हाळ्यात रोज दीड-दोन लिटर पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, आणि भर घालायची तीही बोअरच्याच पाण्याची. शिवाय पाणी बदलायचे तेही तीन आठवड्यांतून एकदा, दोन बादल्या. मुळात नायट्रेट ३० असलेलं पाणी कितीही वेळा बदललं तरी टाकी ३० च्या खाली येणार नाही, म्हणून टाकीआधी बोअरचं पाणी तपासायचं असतं.

महापालिकेच्या नळाचं पाणी त्याच घरात मोजलं: टीडीएस २४०, जडपणा आठ अंश, पीएच ७.६, नायट्रेट पाचच्या आसपास. हे पाणी ब्रिसलनोजसाठी उत्तम. हा मासा जड पाणीही सोसतो, आणि पीएच साडेसहावर आणण्याच्या खटपटीची त्याला गरज नाही. पाणी स्थिर आणि स्वच्छ असावं एवढं पुरे. मात्र १०५० वरून २४० वर एका दिवसात उडी मारायची नाही. क्षार एकदम घटले की माशाच्या अंगात पाणी शिरतं आणि कल्ल्यांवर ताण येतो. म्हणून आठवड्यातून दोनदा पाव टाकी, असं तीन आठवडे बदललं. सहा बदलांनंतर टीडीएस ३८० वर आला, नायट्रेट २० वर.

नळ नसेल तर बोअर आणि आरओचं (क्षार काढलेलं) पाणी मिसळावं. ९०० टीडीएसचं एक भाग आणि २० टीडीएसच्या आरओचे दोन भाग घेतले तर ३१० च्या आसपास येतं. नुसतं आरओ वापरू नये. त्यात पीएच धरून ठेवणारा क्षारच नसतो, आणि एका रात्रीत पीएच घसरू शकतो. उडून गेलेल्या पाण्याची भर मात्र आरओचीच घालायची.

थंडाव्यासाठी झाकण काढून पाण्यावर तिरका वारा बसेल असा छोटा पंखा लावला. मे महिन्याच्या कोरड्या हवेत त्याने तीन अंश उतरले, दुपारचं ३२.५ होतं ते २९.५ झालं. पावसाळ्यात हवा दमट झाली की पंख्याचा गुण कमी होतो, पण तेव्हा पाणी आपोआपच उतरलेलं असतं. ब्रिसलनोज उडी मारणारा मासा नव्हे, तरी काढलेल्या झाकणाच्या जागी मच्छरदाणीची जाळी ताणली. बर्फाने एका तासात तापमान चार अंश खाली जातं आणि तीन तासांत परत वर येतं. असा झोका माशाला गरम पाण्याहून वाईट.

खुराक

आधी फक्त बाजारातल्या हिरव्या गोळ्या मिळत होत्या. अंडी धरायला मादीला प्रथिनं लागतात, आणि पचनाला पालेभाजी. तीन आठवडे असं ठेवलं: रोज दिवा बंद झाल्यावर साल काढलेल्या कोवळ्या दोडक्याचे दोन सेंटीमीटर जाडीचे दोन तुकडे, उकळत्या पाण्यात दोन मिनिटं बुडवून, स्टीलच्या काट्याला टोचून तळाशी. दोडक्याऐवजी दुधी किंवा काकडी चालते, पण काकडीत पाण्याखेरीज फारसं काही नसतं. आठवड्यातून दोनदा गोठवलेले ब्लडवर्म, म्हणजे लाल अळ्या, एक चौकोनी वडी. दोनदा साल काढलेले पाच-सहा मटार. उरलेलं सकाळी काढून टाकायचं.

लाकडाबद्दल सांगलीकरांना वेगळं सांगावं लागतं. तासगाव बाजूला जुन्या द्राक्षबागा काढल्या की पिळदार, सुंदर खोडं फुकट मिळतात आणि ती टाकीत शोभतीलही. ती घेऊ नयेत. द्राक्षावर वर्षानुवर्षं बोर्डो मिश्रण, म्हणजे मोरचूद आणि चुना, फवारलेलं असतं. मोरचुदातलं तांबं सालीत साठतं आणि तांबं माशांना फार थोड्या प्रमाणातही घातक असतं. त्यात सकर लाकूड सतत खरवडत असतो. वाळलेलं, साल पूर्ण काढलेलं पेरूचं लाकूड चांगलं. तीन तास उकळायचं आणि बुडेपर्यंत बादलीत पाणी बदलत ठेवायचं. कडुनिंब, निलगिरी आणि डिंक सुटणारी लाकडं नकोत.

पहिला प्रयत्न, जूनचा मध्य

अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात पावसाळा लागला की नद्यांत थंड, मऊ पाणी येतं आणि प्रवाह वाढतो. टाकीत त्याची नक्कल करतात. आधी पाच दिवस पाणी बदलायचं नाही आणि खाणं निम्मं. मग सलग तीन संध्याकाळी ३० टक्के पाणी काढून तीन-चार अंश थंड पाणी भरायचं. टाकी २७.५ ला आणि नवं पाणी २४ ला असेल तर एका बदलाने टाकी एक अंशाने उतरते, तेवढं पुरे. २४ अंशाचं पाणी जूनमध्ये मिळवायला बादली रात्रभर गच्चीत ठेवावी, किंवा माठातलं पाणी मिसळावं. फ्रिजमधली बाटली ओतायची तर बादलीत, टाकीत नव्हे. याच वेळी फिल्टरचा झोत टाकीच्या लांबीला वळवायचा.

१२ ते १४ जूनला हे सगळं नीट पार पडलं. बाहेर वळीव कोसळत होता. दोन माद्या टम्म होत्या. नर चार इंची पीव्हीसी पाइपच्या तोंडाशी बसून शेपटी हलवत होता. एक मादी आत गेली, दुसऱ्या टोकाने बाहेर आली. असं तीन रात्री. अंडी नाहीत.

प्रकरणाची उकल इथे आहे. पाणी सुधारलं होतं, खुराक सुधारला होता, थंड पाण्याची सर देऊन झाली होती, मासे वागण्यात तयार दिसत होते. बदललं नव्हतं ते फक्त घर. टाकीत पोकळ्या होत्या तीन: ड्रेनेजच्या पाइपचा दोन्हीकडे उघडा तुकडा, नारळाची अर्धी करवंटी, आणि तोंड फुटलेलं मडकं. तिन्ही ऐसपैस. आपल्याला वाटतं माशाला मोकळी जागा हवी. या नराला हवी असते अडचण. मादी आत गेली की तो तोंडाशी आडवा होऊन तिची वाट अडवतो, कधी रात्रभर, कधी पुढच्या दिवसापर्यंत, आणि अंडी पडेपर्यंत सोडत नाही. घरात मागचं दार असेल किंवा त्याच्या अंगापेक्षा तोंड रुंद असेल तर ही अडवणूक जमतच नाही. पुढे वारा घालायचा तोही रुंद पोकळीत विरून जातो; अरुंद गुहेत शेपटीने ढकललेलं पाणी थेट अंड्यांवरून फिरून बाहेर येतं.

घर कसं बनवायचं

मापं नराच्या अंगावरून घ्यायची. छातीचे पर थोडे उघडे असताना रुंदी जेवढी, त्याहून बोटभर जास्त एवढा आतला व्यास. लांबी माशाच्या दीडपटीला थोडी कमी. एक टोक पक्कं बंद. ११ सेंटीमीटरच्या नराला आतून साडेचार सेंटीमीटर आणि लांबी १५. कुंभाराला हीच मापं कागदावर काढून दिली: नळी भाजलेली हवी, आतून खरबरीत, रंग किंवा चकाकी अजिबात नको. मातीची नळी भाजताना आकसते, म्हणून कच्च्या मापात थोडी सूट ठेवायला सांगावं. तीन दिवस पाण्यात भिजवून, रोज पाणी बदलून वापरायची.

कुंभार नसेल तर ५० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप १५ सेंटीमीटर कापून एका टोकाला टोपी बसवावी, चिकटद्रव्य न लावता. आतून जाड पॉलिश पेपरने घासून घ्यावा; गुळगुळीत भिंतीवरून अंड्यांचा घोस निसटतो. पीव्हीसी बुडतं पण हलकं असतं, म्हणून खाली चपटा दगड बांधायचा. जुन्या घराची नळीची कौलं मिळाली तर तीही उत्तम: दोन कौलं समोरासमोर ठेवली की नळी होते, आणि ती निमुळती असल्यामुळे बारीक टोक एका दगडाने बंद होतं. शेवाळ, चुना, जुना रंग घासून काढायचा.

ठेवताना तोंड झोताच्या बाजूला, पण झोत थेट आत शिरणार नाही असं. तोंडाची बाजू अर्धा इंच वर, म्हणजे घोस बाहेर घरंगळत नाही. जागा अंधाऱ्या कोपऱ्यात. दोन गुहा ठेवाव्यात, एकमेकींपासून फूटभर दूर. नराला निवड करू द्यावी. २० जूनला एक मातीची आणि एक पीव्हीसीची अशा दोन ठेवल्या, जुन्या तिन्ही पोकळ्या काढल्या. दुसऱ्या रात्रीपासून नर मातीच्या नळीत राहायला गेला आणि तोंडाने तिची आतली भिंत घासू लागला.

२८ ते ३० जून पुन्हा तेच तीन थंड बदल. पाणी तेच, खुराक तोच, मादी तीच. २ जुलैच्या सकाळी गुहेत नारिंगी घोस: मोहरीच्या दाण्याहून मोठी, तीनएक मिलिमीटरची, एकमेकांना चिकटलेली साठेक अंडी, आणि त्यांच्यावर पसरलेला नर.

पहिला घोस गेला

४ जुलैला घोस गुहेबाहेर वाळूवर पडलेला सापडला. दोन चुका शोधता आल्या. घरी येणारा प्रत्येक पाहुणा मोबाईलचा टॉर्च लावून गुहेत डोकावत होता, आणि एकदा फोटोसाठी गुहा काचेकडे फिरवलीही होती. पहिलटकर नर अशा वेळी घाबरून अंडी लोटून देतो. दुसरी चूक पाण्याची. पावसाच्या पहिल्या लोंढ्यात कृष्णेचं पाणी गढूळ होतं तेव्हा शुद्धीकरणात तुरटी आणि क्लोरीन दोन्ही वाढू शकतात. त्याच आठवड्यात नळाला वास येत होता आणि नेहमीच्या मापाने अँटी-क्लोरीन घालून पाणी बदललं होतं. वास येतो त्या दिवशी पाणी बदलायचं नाही. बदलणं भागच असेल तर पाणी २४ तास हवेचा दगड (पंपाच्या नळीला लावायचा, बुडबुडे सोडणारा) लावून ठेवायचं, क्लोरीनच्या पट्टीने तपासायचं आणि मगच घालायचं. अंडी गुहेत असताना तर पाच-सहा दिवस बदल टाळलेलेच बरे.

लोटलेली अंडी लगेच सापडली आणि अजून नारिंगी असतील तर ती वाचवता येतात. या वेळी पंधरा-वीस तास गेले होते, निम्मी पांढरी पडली होती. वेळेत लक्षात आलं तर असं करावं. तीन लिटरचा स्वच्छ प्लास्टिकचा डबा टाकीच्याच पाण्याने भरून टाकीत तरंगता बांधावा, म्हणजे तापमान तेच राहतं. त्यात एक टक्का मिथिलिन ब्लू (बुरशी रोखणारं निळं औषध) ०.६ मिलिलिटर; यातून लिटरला दोन मिलिग्रॅम मात्रा पडते. घोस चमच्याने, पाण्याबाहेर न काढता आत घ्यावा. हवेचा दगड असा ठेवावा की अंडी हळू डुलतील, उडणार नाहीत. रोज पांढरी अंडी ड्रॉपरने वेचायची, कारण बुरशी पांढऱ्यावरून शेजारच्या चांगल्यावर पसरते. रोज निम्मं पाणी बदलून फक्त नव्या पाण्यापुरती, म्हणजे निम्मी मात्रा पुन्हा घालायची, आणि पिलं फुटली की औषध बंद. मिथिलिन ब्लू मुख्य टाकीत ओतायचं नाही. फिल्टरमधले उपयोगी जिवाणू मरतात आणि काचेच्या जोडाचं सिलिकॉन कायमचं निळं होतं.

दुसरा घोस

मादी पुन्हा भरायला चार ते सहा आठवडे लागतात. ९ ऑगस्टला दुसरी अंडी पडली. या वेळी टाकीच्या त्या बाजूला काळा कागद चिकटवला, दिवा आठ तासांवर आणला, गुहेला हात नाही. हवेच्या पंपाला इन्व्हर्टरची लाइन दिली. वीज गेली की फिल्टर थांबतो, पण पाच वॉटचा पंप स्पंज फिल्टर रात्रभर चालवू शकतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवरचा पंप हाताशी असावा. आतल्या फिल्टरच्या तोंडावर जाड स्पंज बसवला, नाहीतर पिलं ओढली जातात.

पाणी २६ ला होतं. पाचव्या दिवशी अंडी फुटली: मोठी पिवळी पोटुळी आणि तिला लागलेली शेपटी, एवढंच पिलू. या अवस्थेत ते पोहत नाही आणि खातही नाही, पोटुळीवर जगतं. याच वेळी अनेक जण खायला टाकून पाणी नासवतात. नर जवळपास उपाशी राहून वारा घालतो; त्याला बाहेर काढायची गरज नाही. २० ऑगस्टला पोटुळ्या संपल्या आणि रात्रीतून पिलं काचेवर आली. फोटोवर मोजली तर ६८.

अंडी मिळवण्यापेक्षा ६८ पिलं सांभाळणं कठीण. दोन फुटी टाकीत, मुख्य टाकीचंच पाणी, दोन महिने चाललेला स्पंज फिल्टर आणि शेवाळलेलं लाकूड घालून त्यांना हलवलं. नवी, चकाचक टाकी पिलांसाठी वाईट. त्यांचं पहिलं अन्न लाकडावरचा आणि काचेवरचा चिकट थरच असतो. पिलाचं पोट काचेतून दिसतं: भरलेलं गोल आणि हिरवट-तपकिरी असावं, आत गेलेलं असेल तर ते उपाशी आहे. दिवसात केव्हाही काहीतरी खायला असायलाच हवं, आणि नेमकं इथेच घोटाळा होतो.

५ ते ८ सप्टेंबरात चौदा पिलं मेली. पोटं भरलेली होती, म्हणजे उपासमार नव्हती. अमोनिया मोजला, लिटरला ०.५ मिलिग्रॅम. दोडक्याचे चार-चार तुकडे रात्रभर ठेवले जात होते आणि दमट उकाड्यात ते सकाळपर्यंत बुळबुळीत होत होते. पाण्याचा पीएच आठच्या जवळ होता. पीएच सातला एकूण अमोनियाचा साधारण अर्धा टक्काच विषारी रूपात असतो, आठला पाच-सहा टक्के. म्हणून तेच ०.५ अल्कधर्मी पाण्यात दहापट घातक ठरतं. उपाय: लगेच निम्मं पाणी, मग रोज २० टक्के, तेवढ्याच तापमानाचं, तुकडे लहान आणि सहा तासांत बाहेर, सकाळ-संध्याकाळ तळ नळीने ओढून घ्यायचा, नळीच्या तोंडाला जाळी लावून. स्पंज पिळायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यात, नळाखाली कधीच नाही. भाजी बाजारातली असेल तर साल काढलेलीच. पालक फवारलेला असण्याची शक्यता जास्त, तो कुंडीतला असेल तरच.

त्यानंतर तीनच गेली. नोव्हेंबरच्या अखेरीस ५१ पिलं तीन सेंटीमीटरची झाली. ही दुकानात द्यायला योग्य मापं. त्याहून लहान पिलू प्रवासात आणि नव्या पाण्यात टिकत नाही. पुढच्या विणीसाठी यातलेच भाऊ-बहीण ठेवू नयेत, दुसऱ्या कुणाकडचा नर बदलून घ्यावा.

एवढ्या पिलांना जागा नव्हती, म्हणून नोव्हेंबरच्या सुरुवातीला मुख्य टाकीतून दोन्ही गुहा काढून घेतल्या होत्या. थंडीसाठी १०० वॉटचा हीटर २५ वर ठेवला होता, खुराक आणि पाण्याचे बदल तसेच चालू. माद्या भरल्या, उतरल्या, पुन्हा भरल्या; दहा आठवडे अंडी नाहीत. जानेवारीच्या मध्यावर मातीची नळी त्याच कोपऱ्यात परत ठेवली. त्या रात्रीच नर आत होता, आणि नवव्या दिवशी तिच्या तोंडाशी आडवा.